चूल का धुमसते आणि जाळ कसा धरतो

चूल पेटेना झाली की बोल लागतो तो तिच्यापुढे बसलेल्या बाईला. 'हिला जाळ घालता येत नाही' हे आपल्याकडे किती सहज म्हटलं जातं! त्या घटकेला चुलीत काय घडतंय हे नीट पाहिलं, तर दोष बहुतेक वेळा ओल्या लाकडाचा, चुलीच्या बनावटीचा किंवा हवेच्या अडलेल्या वाटेचा निघतो. विस्तवाचे नियम थोडे आहेत. ते कळले की मातीची चूल, न्हाणीतला तांब्याचा बंब, गुऱ्हाळाचं चुलवण, सगळीकडे तेच लागू पडताना दिसतात.

सुरुवात धुरापासून करू. चुलीपुढे बसलेल्या प्रत्येकाने हे पाहिलेलं असतं: चूल धुमसत असते, दाट पांढुरका धूर घरभर होतो, डोळ्यांतून पाणी वाहतं. फुंकणीने दोन-तीन दमदार फुंकरा घातल्या की भपकन जाळ होतो आणि त्याच क्षणी धूर नाहीसा होतो. तो धूर उडून गेलेला नसतो, तो जळलेला असतो. चुलीतला दाट धूर म्हणजे लाकडातून सुटलेलं, पण पेट न घेतलेलं इंधन. चूल सांभाळणं म्हणजे मुख्यतः हा धूर चुलीतच जाळून टाकणं, आणि या लेखात पुढे जे काही सांगितलं आहे ते सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

लाकूड तापायला लागलं की आधी त्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. पाणी आहे तोवर त्या भागाचं तापमान १०० अंशांच्या फारसं वर चढत नाही. पाणी आटलं की लाकूड आणखी तापतं आणि साधारण २०० ते २५० अंशांच्या पुढे त्याची घडण मोडू लागते. त्यातून जळाऊ वायू आणि डांबरासारख्या चिकट पदार्थांची वाफ सुटते. कोरड्या लाकडाच्या वजनाचा तीन चतुर्थांशाच्या आसपासचा भाग असा वायूरूपाने निघून जातो. आपल्याला दिसतो तो जाळ म्हणजे हे वायू हवेत मिसळून पेटलेले असतात. म्हणूनच नीट पाहिलं तर ज्वाळा लाकडापासून किंचित सुटून, वरच्या अंगाला नाचताना दिसते. वायू निघून गेल्यावर मागे कोळसा उरतो. तो ज्वाळेशिवाय, लालभडक होऊन सावकाश जळतो. हाच आपला निखारा.

हे तिन्ही टप्पे एकाच लाकडावर एकाच वेळी चालू असतात. चुलीत सारलेल्या फाट्याकडे पाहा. आतलं टोक निखारा झालेलं असतं, त्याच्या अलीकडे जाळ असतो, आणि बाहेरच्या टोकातून कधी कधी फेस येत असतो. तो फेस म्हणजे लाकडातलं पाणी. फेस दिसला, फसफस ऐकू आली, की ते लाकूड अजून चुलीत घालण्याजोगं झालेलं नाही असं समजावं.

आता कळीचा आकडा. लाकडाचे वायू पेटायला जेवढा ताप लागतो त्याहून पुष्कळ जास्त ताप ते पूर्णपणे जळायला लागतो. साधारण ६०० अंशांच्या वर ताप असेल आणि पुरेशी हवा मिळत असेल, तर धूर जवळजवळ उरत नाही. त्याखाली ताप घसरला की वायू अर्धवट जळतात किंवा तसेच निघून जातात. धुमसणारी चूल म्हणजे वायू सोडण्याइतकी गरम, पण ते जाळण्याइतकी गरम नसलेली चूल. फुंकर घातल्यावर निखाऱ्याला हवा मिळते, तो एकदम तापतो, वरचे वायू पेट घेतात. फुंकर थांबली आणि पुन्हा धूर झाला, तर कारण अजून जागेवरच आहे.

ते कारण बहुधा ओल असतं. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. नीट वाळलेल्या लाकडात ते १५ ते २० टक्क्यांवर येतं. एक किलो ओलं लाकूड धरा, अर्धा किलो लाकूड आणि अर्धा लिटर पाणी. अर्धा किलो कोरड्या लाकडातून सुमारे २,२५० किलोकॅलरी उष्णता मिळते आणि अर्ध्या लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ३०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे पाणी खातं ते फक्त सातवा हिस्सा. कागदावर हे फारसं नुकसान वाटत नाही. खरं नुकसान दुसरीकडे होतं. पाणी उडत राहतं तोवर चुलीचा ताप वर चढत नाही, वायू जळत नाहीत आणि लाकडातली मोठी ऊर्जा धूर होऊन छपरातून निघून जाते. ओल्या लाकडाने स्वयंपाकाला दुप्पट वेळ लागला तर त्यात नवल नाही.

वाळलेलं लाकूड ओळखायला यंत्र लागत नाही. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की वाळलेली लाकडं खणखणीत वाजतात, ओली भदभदतात. वाळलेल्याच्या टोकांना भेगा पडलेल्या असतात, साल सहज सुटते आणि हातात उचलल्यावर तुकडा अपेक्षेपेक्षा हलका लागतो. फोडून ठेवलेलं लाकूड अख्ख्या ओंडक्यापेक्षा कितीतरी लवकर वाळतं, कारण सालीतून पाणी सहजासहजी बाहेर पडत नाही. म्हणून उन्हाळ्यात नुसते ओंडके रचून ठेवण्यापेक्षा ते फोडून, खाली दगड किंवा आडवी लाकडं टाकून, मधून वारा खेळेल असे रचावेत. कोकणात आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीत जळण भरून ठेवण्याला भाताच्या बेगमीइतकंच महत्त्व असतं ते यासाठीच. जून उजाडल्यावर लाकूड वाळवायला ऊन मिळत नाही. पावसाळ्यात चुलीच्या उबेला दुसऱ्या दिवसाचं जळण ठेवायची पद्धत चांगली आहे, फक्त ते जाळाच्या टप्प्यात येणार नाही याची खात्री हवी.

कोणतं लाकूड, हाही प्रश्न येतोच. बाभूळ, खैर, ऐन यांसारखी जड, घट्ट लाकडं सावकाश जळतात आणि त्यांचे निखारे टिकतात. पांगारा, शेवगा यांसारखी हलकी, पोकळ लाकडं भुर्रकन जळून जातात, मागे काही राहत नाही. किलोला किलो मोजलं तर कोरड्या लाकडांतल्या उष्णतेत फार मोठा फरक नसतो. फरक आहे तो एका मोळीत किती किलो लाकूड मावतं आणि ते किती वेळ पुरतं यात. त्यामुळे ओल्या बाभळीपेक्षा वाळलेला आंबा केव्हाही बरा.

आता प्रत्यक्ष पेटवणं. चुलीतली कालची राख काढावी, पण पार खरवडून नाही. बोटभर जाडीचा राखेचा थर तळाला असला तर निखाऱ्यांची उष्णता जमिनीत कमी जाते. राख त्याहून जास्त साचली की मात्र हवेची वाट बुजते. पेटवताना आधी पटकन धरणारी वस्तू हवी: नारळाची शेंडी, वाळलेलं चुडत, उसाचं पाचट, कापसाच्या पऱ्हाटीचे बारीक शेंडे, जे तुमच्याकडे असेल ते. त्यावर पेन्सिलीएवढ्या काटक्या, मग बोटाएवढ्या ढलप्या, आडव्या-उभ्या, मध्ये मोकळी जागा ठेवून. काडी खालून लावायची.

बारीक काटक्या आधी का? लाकूड पृष्ठभागावर तापतं आणि वायू तिथूनच सुटतात. ८ सेंटीमीटर जाडीचा चौकोनी तुकडा घेऊन त्याच्या २ सेंटीमीटर जाडीच्या १६ पट्ट्या केल्या, तर लाकूड तेवढंच राहतं पण बाजूंचा पृष्ठभाग चौपट होतो. शिवाय बारीक काटकी आतपर्यंत लगेच तापते. जाड ओंडक्याला काडी लावली तर ती उष्णता आत शोषली जाते आणि बाहेरून तो पेटण्याइतका तापतच नाही.

काटक्यांनी चांगला जाळ धरला, तडतड स्थिर झाली, की मनगटाएवढी दोन-तीन लाकडं सारायची. एकटं लाकूड कधीच टाकू नये. लाकडाची उष्णता चहूकडे उडून जात असते. समोर दुसरं तापलेलं लाकूड असेल तर ती दोघं एकमेकांना तापवत राहतात. दोन पेटत्या लाकडांच्या मधली बोटभर फट ही चुलीतली सगळ्यात गरम जागा. फट फार रुंद झाली तर दोन्ही थंडावतात, अजिबात नसली तर हवा जात नाही. विझू लागलेली चूल पुष्कळदा नुसतं लाकूड सरकवून, टोकं जवळ आणून पुन्हा धरते. फुंकणीला हात घालण्याआधी हे करून पाहावं.

फुंकणी कुठे धरायची यालाही महत्त्व आहे. ज्वाळेवर फुंकर मारली तर ती थंड होते. नळीचं टोक निखाऱ्यांच्या बुडाशी रोखावं आणि सावकाश, लांब फुंकर घालावी. श्वास घेताना नळी तोंडापासून बाजूला करावी, नाहीतर गरम धूर थेट छातीत जातो. लहान मुलांना फुंकायला बसवणाऱ्यांनी तर हे आवर्जून शिकवावं.

चुलीत सतत फुंकावं लागत असेल तर हवेची वाट तपासावी. बहुतेक चुलींमध्ये लाकूड आणि हवा एकाच तोंडातून आत जातात. तोंड लाकडांनी ठासून भरलं की हवा अडते, मग आतून धूर उलटा येतो. यावर एक सोपा उपाय आहे. तोंडाशी विटेचा तुकडा ठेवून लाकडं त्यावर टेकवा, म्हणजे खालून हवा निखाऱ्यांच्या बुडापर्यंत पोचते. आत लोखंडी जाळी बसवता आली तर उत्तमच. राख खाली पडते आणि निखाऱ्याला तळातून हवा मिळते. पण हवा जितकी जास्त तितकं चांगलं असंही नाही. फार मोठ्या तोंडाच्या, तीन दगडांच्या उघड्या चुलीत चारी बाजूंनी गार वारा शिरतो आणि ताप ६०० अंशांच्या खाली ओढतो. वाऱ्याच्या दिवशी अंगणातली चूल कितीही जळण खाते आणि पातेलं उकळत नाही, त्याचं कारण हेच.

तीन दगडांच्या चुलीत लाकडातल्या उष्णतेपैकी साधारण १० ते १५ टक्केच भांड्याला लागते. ५ लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळायला सुमारे ३७५ किलोकॅलरी पुरतात, म्हणजे वाळलेलं जेमतेम १०० ग्रॅम लाकूड. प्रत्यक्षात पाऊण ते एक किलो जळतं. हा फरक डोक्यावरून मोळी आणणाऱ्या बाईच्या मानेवर पडतो, म्हणून तो मला छोटा वाटत नाही.

हवा खेचून घेण्याचं काम चुलीने स्वतःच करावं असं वाटत असेल तर बंब पाहावा. तांब्याच्या टाकीच्या मधून उभी नळी, तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायची जागा, भोवती पाणी. नळीतली हवा तापून हलकी होते, वर चढते आणि तिच्या जागी खालून ताजी हवा जाळीतून ओढली जाते. नळी जितकी उंच आणि आतली हवा जितकी गरम, तितकी ही ओढ जास्त. म्हणूनच बंब पेटल्यावर घोंघावतो. सुरुवातीला नळी गार असते, ओढ नसते, आणि पहिली काही मिनिटं धूर होतो. त्या वेळी वरून ढलप्यांची रास ओतली तर नळी बुजून बंब कोंदटतो. आधी कागद आणि काटक्यांनी नळी तापवावी, मग थोडं थोडं जळण सोडावं. तळाची राख रोज काढली नाही तर बंब पेटत नाही, ही तक्रार घरोघरी असते आणि उपाय तेवढाच आहे.

गुऱ्हाळाच्या चुलवणापुढे जाळ घालणारा माणूस याच विद्येत मुरलेला असतो. त्याचं जळण म्हणजे उसाची वाळलेली चिपाडं, बारीक आणि पटकन जळणारी. एकदम जास्त घातली तर ती मोकळी हवा अडवतात आणि चिमणीतून काळा धूर निघतो. हात थांबला तर काहिलीखालचा, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईखालचा जाळ बसतो. म्हणून तो थोडं थोडं पण सतत सारत राहतो. तुराट्या किंवा पाचटावर चूल चालवणाऱ्यांनी हीच लय धरावी. बारीक जळणाला बसून राहावं लागतं, जाड लाकडाला नाही. ज्यांच्याकडे लाकूड नाही त्यांचा वेळ असा जातो.

जाळ कमी-जास्त करायचा तो लाकूड आत-बाहेर सरकवून. पाणी उकळेपर्यंत मोठा जाळ हवा, पण उकळी आल्यावर तीच उकळी टिकवायला फार थोडी उष्णता लागते. तेव्हा एखादं लाकूड बाहेर ओढावं, भांड्यावर झाकण ठेवावं, आणि डाळ किंवा भात वैलावर, म्हणजे चुलीला जोडलेल्या दुसऱ्या तोंडावर सरकवावा. वैलाला पुढच्या चुलीतून निघून जाणारी उष्णता मिळते, त्यामुळे त्यावरचं शिजणं जवळपास फुकटात असतं. भाकरीचं गणित वेगळं. तव्याखाली मध्यम, एकसारखा जाळ आणि चुलीच्या तोंडाशी ओढलेला निखाऱ्यांचा आर, ज्याच्यापुढे भाकरी उभी करून फुगवायची. निखाऱ्यातून ज्वाळा नसते, धूरही फारसा नसतो, उष्णता सरळ समोर येते, म्हणून भाकरी काळी न पडता शेकते. वांगं भाजायलाही हाच आर. अर्धवट जळालेल्या लाकडाच्या धुरात भाजलेल्या वांग्याला कडवट वास लागतो.

भांड्याचं बूड काळं होणं हीसुद्धा अर्धवट जळण्याची खूण आहे. जाळ गार भांड्याला टेकला की थंड पडतो आणि न जळलेला कार्बन काजळी होऊन चिकटतो. भांडं ज्वाळेच्या शेंड्यावर बसेल इतकं उंच असेल तर काजळी कमी धरते. फार उंच नेलं तर उष्णता वाया जाते. बुडाला बाहेरून चिखल-राखेचा लेप देण्याची पद्धत घासण्याचे कष्ट वाचवते.

पेटवण्यासाठी चुलीत ज्या गोष्टी कधीच जाऊ नयेत त्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. प्लास्टिकच्या पिशव्या आणि सायकलच्या ट्यूबचे तुकडे पटकन पेटतात म्हणून सर्रास वापरले जातात. त्यांचा धूर विषारी असतो आणि तो अन्नाशेजारी, मुलांशेजारी होत असतो. रॉकेल किंवा पेट्रोल निखाऱ्यांवर ओतणं तर जिवावर बेतणारं आहे. विझल्यासारख्या दिसणाऱ्या निखाऱ्यावर रॉकेल पडलं की त्याची वाफ होते आणि ती भडका घेऊन हातातल्या डब्यापर्यंत येते. नायलॉनची साडी, सैल पदर आणि ओढणी चुलीपुढे खोचलेलीच असावी.

आणि निखाऱ्याला धूर नाही म्हणून तो निरुपद्रवी, हा समज फार घातक आहे. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. थंडीत दारं-खिडक्या लावून खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपलेली माणसं झोपेतच दगावतात ती यामुळे. शेगडी निजायच्या खोलीत ठेवायची नाही, याला अपवाद नाही.

धुराने होणारं नुकसान सावकाश असतं म्हणून ते नजरेआड राहिलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकाने भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या वाट्याला येणारा धूर प्रत्यक्ष मोजला, तेव्हा कुठे या प्रश्नाकडे जगाचं लक्ष वळू लागलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. आपल्याकडे मात्र यावरचा विचार त्याआधीच सुरू झाला होता. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४० च्या दशकात धूर बाहेर नेणारी 'मगन चूल' तयार झाली. १९८३ नंतर केंद्र सरकारच्या सुधारित चुलीच्या कार्यक्रमातून देशभर कोट्यवधी चुली बसल्या. त्यांतल्या कित्येक पुढे वापरात राहिल्या नाहीत. एक कारण अगदी साधं होतं: धुराड्यात काजळी साचते, ती वेळोवेळी काढावी लागते, आणि हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस घरोघर पोचू लागला, तरी पुढची टाकी भरायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते. तेव्हा जिथे चूल आहे तिथे ती चांगली असलीच पाहिजे. धुराडं असेल तर छपराच्या वर निघालेलं असावं आणि काजळी दर महिन्याला झाडावी. धुराडं नसेल तर निदान चुलीच्या वर छपरात झरोका असावा, आणि तान्हं मूल पाठीशी किंवा मांडीवर घेऊन जाळ घालायची वेळ येऊ नये.

युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत आता काचेच्या दाराची लोखंडी शेगडी दिसते. तिथे तोंड बंद असल्याने हवा एका झडपेने आत घेतली जाते आणि लाकडं रचायची पद्धत उलटी आहे: जाड खाली, काटक्या सगळ्यात वर, आणि काडी वरून. खालच्या लाकडाचे वायू वरच्या जाळातून जातात आणि तिथेच जळतात. रात्रभर पुरावं म्हणून झडप पार बंद करून लाकूड धुमसत ठेवण्याचा मोह होतो, तो टाळावा. त्याने धुराड्यात डांबर साचतं आणि एखाद्या दिवशी धुराडंच पेटतं.

आपल्या चुलीत विस्तव रात्रभर जपायची रीत याहून सुरक्षित आहे, कारण ती लाकडावर नाही, निखाऱ्यावर चालते. वायू आधीच निघून गेलेला असतो. दोन-चार जाड निखारे एकत्र करून त्यांवर राख ओढायची. राखेतून अगदी थोडी हवा जाते आणि उष्णता आत कोंडून राहते, त्यामुळे निखारा अत्यंत सावकाश जळत राहतो. सकाळी राख बाजूला करून गोवरीचा तुकडा टेकवला आणि फुंकर घातली की काडेपेटी लागत नाही. मात्र यातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतोच, म्हणून हे हवेशीर स्वयंपाकघरातच करावं.

विझवायची असेल तर जळतं कोलीत बाहेर ओढून त्याचं टोक राखेत खुपसावं किंवा त्यावर पाणी शिंपडावं. तापलेल्या मातीच्या चुलीत पाणी ओतलं तर तिला तडे जातात. राखेत निखारे कित्येक तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतात. कडब्याच्या गंजीजवळ किंवा उकिरड्यावर गरम राख टाकल्याने आगी लागतात. ती लोखंडी घमेल्यात काढून उघड्यावर ठेवावी, पूर्ण गार झाल्याची खात्री करावी, आणि मगच भांड्यांना किंवा परसातल्या झाडांना वापरावी.